एक-दोन-अकरा

जुन्या मोंढ्यामागच्या वखारीत कुणी फोटो घेऊन आलं, की वच्छलाबाई हात पुसायची नाही. भुसा आणि तेल लागलेल्या बोटांनीच फोटो उचलायची, आणि आणणाऱ्याचा जीव वरखाली होताना बघून तिला बरं वाटायचं.

"मावशी, कडेला धरा ना. जुना आहे तो."

"घर जुनं होतं तवा कुठं होतात?"

एवढं सुनावल्यावरच ती फोटोकडे वळायची.

शहरातली जुनी घरं पाडायची आणि त्यांचा माल विकायचा, हा वच्छलाबाईचा धंदा. दारं, चौकटी, खांब, तुळया, कोरीव पट्ट्या, दगडी उंबरे. पन्नास वर्षांत जेवढी घरं गेली त्यातली बरीचशी तिच्या वखारीतून गेली. त्यामुळे फोटोतलं घर कुठलं, कुणाचं, कधी गेलं, हे विचारायचं तर तिलाच विचारावं लागे. आणि नेमकं हेच 'जुनं शहर मंडळा'च्या लोकांना सहन होत नसे. मंडळात निवृत्त प्राध्यापक होते, वकील होते, एक दातांचे डॉक्टर होते. दर रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये जमून ते जुने फोटो बघत, हळहळत, आणि कुठलं घर कुठल्या गल्लीत होतं यावर भांडत. भांडण मिटलं नाही की आपल्यातल्या श्रीधरसरांना स्कूटरवर वखारीत पाठवत. सर उत्तर घेऊन जात, आणि पुढच्या रविवारच्या पेपरात ते 'जाणकारांच्या मते' म्हणून छापून येई. हॉलमध्ये मात्र वच्छलाबाईला कधी कुणी बोलावलं नव्हतं. पाठीमागे तिला ते 'घरखाऊ म्हातारी' म्हणत. हे तिला ठाऊक होतं, कारण सुनेने, कुशावर्ताने, कुठूनतरी ऐकून ते लगोलग तिच्या कानावर घातलं होतं, आणि घालताना ताटातली भाकरीही मोडू दिली नव्हती.

"खाल्ली तर खाल्ली," वच्छलाबाई म्हणाली होती. "वाढलं कुणी? बाई, तेवढं घर काढून न्या, म्हणून वखारीत हात जोडत आले ते हेच. एकानंही रडत विकलं नाय. रडू आता पेन्शन सुरू झाल्यावर आलंय."

पोलीस ॲक्शनच्या साली गंगापूर तालुक्यात तिचा जन्म. चौथीपर्यंत शाळा. सोळाव्या वर्षी बद्रीनाथ पठाड्याशी लग्न झालं. चार भावांत तो धाकटा. जमीन एवढीशी, तीही थोरल्या भावाच्या, कारभाऱ्याच्या, ताब्यात, म्हणून दोघं शहरात आली. बद्रीनाथ आधी भिंती बांधायला जायचा, मग पाडायला जाऊ लागला, आणि पाडण्यात त्याचा हात असा बसला की दोन-चार वर्षांत तो स्वतःच घरांचे सौदे करू लागला. कागद कधी केला नाही. मालकाने पान पुढे करायचं, बद्रीनाथने ते खायचं, झाला सौदा.

बद्रीनाथला आकड्यांपलीकडे वाचता येत नव्हतं. म्हणून आकडे घालायचं काम वच्छलाबाईचं. पाडायच्या आदल्या दिवशी ती डबड्यात चुना कालवायची, काडीला चिंधी गुंडाळायची आणि घरभर फिरून प्रत्येक दाराखिडकीच्या चौकटीवर तीन आकडे टाकायची. पहिला आकडा काढायच्या पाळीचा, दुसरा खणाचा, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाचा, तिसरा नगांचा. खिडकीवर चार-तीन-सात असलं, म्हणजे ती चौथ्या पाळीला काढायची, तिसऱ्या खणातली, आणि सुटी केल्यावर सात तुकडे मोजून बांधायचे. म्हणजे विकत घेणाऱ्याच्या दारात ती जशीच्या तशी पुन्हा उभी राहते. पाळी नेहमी वरून खाली. आधी माळवद, म्हणजे वरचं मातीचं छप्पर, मग माडीच्या खिडक्या, आणि खालचं मोठं दार सगळ्यांत शेवटी; कारण वरची सगळी भिंत त्याच्या चौकटीवर बसलेली असते.

दारांच्या या फिरतीमुळेच मंडळाचे लोक फसायचे. कोरीव दार दिसलं की त्यांना गल्ली आठवायची. एकदा त्यांनी मोरांच्या दारावरून एक घर शहागंजात नेऊन बसवलं होतं, आणि तसं छापलंही होतं. वच्छलाबाईने श्रीधरसरांना बसवून घेतलं आणि सांगितलं, की ते दार तिने स्वतः तीन घरांना विकलं आहे.

"दार बघून घर वळखायचं म्हंजे लुगडं बघून बाई वळखायची," ती म्हणाली. "लुगडं जावेचंबी असतंय. जोतं बघा. मोरी कुठल्या अंगाला वाहती ते बघा. मोरी कुणी उचलून न्हेत नाय."

सरांनी ते वहीत लिहून घेतलं होतं. छापताना अर्थात जाणकारांचं म्हणून छापलं.

तर त्या बुधवारी सर आले ते उत्तर मागायला नव्हेच. गुलमंडीच्या बाजूला एक फोटो स्टुडिओ बंद पडला होता आणि त्याच्या माळ्यावर, गिऱ्हाइकांनी कधी न नेलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह सापडल्या होत्या. त्यातले तीस फोटो मोठे करून रविवारी हॉलमध्ये प्रदर्शन लागणार होतं. त्यातला एक सरांनी पाकिटातून काढला.

"हे ठरलेलं आहे, मावशी. बेगमपुरा. तुम्ही फक्त लाकूड सांगा, सागवान की शिसवी. खालच्या पट्टीत लिहायचं आहे."

"ठरीवलं कुणी?"

"नंबर दिसतोय ना दारावर. भिंग लावून वाचला. एक-दोन-अकरा. शहराचे जुने घरनंबर असेच तीन आकड्यांचे असायचे. आमच्या यादीत पहिला भाग बेगमपुऱ्याकडचा आहे. आणि आमचे सल्लागार, नानासाहेब वकील, यांनीही मान डोलावली. सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस, सगळं शहर तोंडपाठ त्यांना."

वच्छलाबाईने फोटो उचलला.

दुमजली घर. पुढे पाच पायऱ्या, तिसरीचा कोपरा उडालेला. मोरी डाव्या अंगाला. आणि मोठ्या दाराच्या चौकटीवर पांढऱ्या चुन्यात एक, दोन, अकरा. दोनाची शेपटी आत वळलेली. त्या शेपटीसाठी चौथीच्या मास्तरांनी तिच्या बोटांवर पट्टी मारली होती, तरी वळण सुटलं नव्हतं.

घर बेगमपुऱ्यातलं नव्हतं. औरंगपुऱ्यातल्या बोळातलं, नानासाहेब वकिलांचं होतं. त्र्याऐंशी साली ते पाडताना बद्रीनाथ त्याच्याखाली गेला होता.

"फोटू ठिवून जा," ती म्हणाली.

"मावशी, रविवारी लागणार आहे तो."

"मग रईवारी मिळंल. लाकूड असं उभ्या उभ्या सांगता येत नसतं."

हे साफ खोटं होतं. रस्त्यापलीकडून लाकूड ओळखणारी बाई ती. सरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि फोटो ठेवून गेले.

त्या घराचं असं झालं होतं. नानासाहेबांना घर पाडून तिथं चार मजली इमारत उठवायची होती. पाडायला परवानगी काढलेली नव्हती. काढली असती तर खालच्या भाडेकऱ्याने कोर्टात धाव घेतली असती. म्हणून भाडेकरू गावी गेल्याची संधी साधून, अक्षय तृतीयेच्या आधी आठ दिवस, सौदा झाला. पायरीचा कोपरा त्याच दिवशी उडाला. बद्रीनाथने पहार आपटून दगड वाजवून पाहिला, तो कोपरा निघाला, आणि नानासाहेबांनी त्याला दोन शब्द सुनावले.

पाडकाम सुरू झालं त्या दिवशी दुपारी वळवाचा पाऊस आला आणि पुढची भिंत कोसळली. पोलीस आले. नानासाहेबांनी जबाब दिला, की घर आदल्या दिवशीच्या वादळात आपलं आपण पडलं. हा माणूस पडक्या घरातलं लाकूड काढून न्यायला घुसला होता. पुरावा म्हणून त्यांनी दाखवलं, की पुढचं मोठं दार जागेवर नाही, म्हणजे ते आधीच चोरून नेलेलं आहे. सौद्याचा कागद नव्हता. दार ज्याने नेलं, त्या गंगापूरकडच्या बागायतदाराने कानावर हात ठेवले. पंचनाम्यात बद्रीनाथ चोर झाला आणि चोरच राहिला. वर्षश्राद्धाला कारभारी आला नाही, दुसरे भाऊही आले नाहीत. गावात पोरं तिच्या पोराला, रामकिसनला, कुणाच्या शेतातून आलास म्हणून खिसे दाखवायला लावत.

आता हा फोटो होता. घर उभं होतं, पायरीचा कोपरा उडालेला होता, म्हणजे सौदा झालेला होता, आणि दारावर पाडकामाचे आकडे होते. चोर आकडे घालून चोरी करत नाही. बद्रीनाथ कामावर होता, हे सांगणारा जगातला हा एकच कागद.

पण त्याच कागदावर, सगळ्यांत खालच्या दारावर, पहिला आकडा एक होता.

बागायतदाराला वास्तुशांतीला दार हवं होतं. त्याची गाडी सकाळीच येणार होती. वच्छलाबाईने विचार केला, टेकू लावून दार काढू, पुढचं वरून सुरू करू. आणि काडी बुडवून एक घातला. संध्याकाळी बद्रीनाथ त्या आकड्यासमोर उभा राहिला होता.

"हे एक बरुबर हाये का गं?"

"लिव्हलंय ते वाच," ती म्हणाली होती.

सकाळी त्याने टेकू लावला, दार काढलं, गाडीत भरलं आणि वर चढला. दुपारी मातीची भिंत पाणी प्यायली आणि टेकू खचला.

हे तेहतीस वर्षांत तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. रामकिसनला तिने सांगितलं होतं, की वकिलाने घाई केली म्हणून तुझा बाप गेला. रामकिसन ते ऐकत मोठा झाला. बेचाळिसाव्या वर्षीही औरंगपुऱ्यातून जायची वेळ आली तर तो लांबचा रस्ता घ्यायचा.

गुरुवारी ती नानासाहेबांकडे गेली. जुन्या घराच्याच जागेवर उठलेली ती चार मजली इमारत आता रंग उडून भेसूर झाली होती. तिसऱ्या मजल्यावर नानासाहेब राहत. सून अंबिका हिने दार उघडलं, वच्छलाबाईच्या पायांकडे पाहिलं आणि चपलांच्या कपाटाशेजारची प्लास्टिकची खुर्ची दाखवली. पाणी दिलं ते कडेला वेगळ्या ठेवलेल्या पेल्यात. वच्छलाबाईने पेला तसाच जमिनीवर ठेवला.

नानासाहेब काठी टेकत आले. तब्येत खंगली होती, पण आवाज कोर्टातलाच होता.

"बेगमपुरा म्हनलात म्हनं," वच्छलाबाईने सुरुवात केली.

"मंडळाने नंबर वाचला. मी नाही म्हणालो नाही, एवढंच."

"घर तुमचं."

"होतं. पाडण्याआधी आठवण म्हणून फोटो काढून घेतला होता. पुढे जे झालं त्यानंतर तो आणायला गेलो नाही. स्टुडिओवाल्याने टाकून दिला असेल असं वाटलं." त्यांनी काठीची मूठ चोळली. "लोक काहीच टाकत नाहीत, हा मोठा वाईट गुण."

"फोटूखाली खरं लिव्हायला सांगा. घर हुबं व्हतं. सौदा झाल्ता. मानूस कामावर व्हता."

"तेहतीस वर्षांनी? कुणाला हवंय ते?"

"मला हवंय. माझ्या पोराला हवंय."

नानासाहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. समोरच्या साक्षीदाराला किती ठाऊक आहे ते मापणारी नजर होती ती.

"वच्छलाबाई, आकडे मलाही वाचता येतात. त्या संध्याकाळी तुमच्या यजमानांनी मला सगळं समजावून सांगितलं होतं. पहिला पाळीचा, दुसरा खणाचा, तिसरा नगांचा. छान पद्धत होती. मी विचारलं, पाळी वरून असते म्हणता, मग खाली एक कसा? तर म्हणाले, आमच्या मालकिणीने घातलाय, तिचं काहीतरी गणित असंल."

वच्छलाबाईचा हात पदराच्या टोकाशी गेला आणि तिथंच राहिला.

"मी पंचनाम्यात हे बोललो नाही," नानासाहेब म्हणाले. "बोललो असतो तर पाडकाम चालू होतं हे कबूल करावं लागलं असतं. पण तुमचाही त्यात फायदाच झाला. तेव्हा असं बघा, ते घर बेगमपुऱ्यात गेलं आहे. तिथं ते तुम्हालाही त्रास देत नाही आणि मलाही. राहू द्या तिथंच."

"तुम्ही त्याला चोर केलं."

"आणि तुम्ही?"

आतून अंबिकेने मिक्सर सुरू केला. त्याच्या घरघरीत वच्छलाबाई उठली. जिना उतरताना तिच्या ध्यानात आलं, की मोरी अजून डाव्या अंगालाच वाहते.

पुढचे दोन दिवस तिने घरात कुणाला धड बोलू दिलं नाही. आमटीत मीठ जास्त, फळ्या रचल्या त्या तिरप्या, मागच्या दाराला कडी लावली ती का लावली.

"आत्याबाईला कामून एवढा ताव आलाय?" कुशावर्ता नवऱ्याला म्हणाली, सासूला ऐकू जाईल अशा बेताने. "दोन दिस झालं, फोटू उशाखाली घिऊन निजायल्यात. आपल्या लगनातला फोटू काय असा जपला नव्हता."

"कुणाचं घर हाये ते, माय?" रामकिसनने विचारलं.

"बेगमपुऱ्यातलं," वच्छलाबाई म्हणाली, आणि ते तोंडातून गेल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. नानासाहेबांचाच शब्द होता तो.

शनिवारी थोरला दीर, कारभारी, आला. नातवाच्या लग्नाची पत्रिका घेऊन शहरभर फिरत होता आणि वाटेत चहा फुकट मिळेल म्हणून वखारीत टेकला होता. नव्वदीला टेकलेला, पण जिभेला वय नव्हतं. वखारीत दोन माणसं कोरीव खांब टेम्पोत चढवत होती. कारभाऱ्याने बशी फुंकत फुंकत खांबाकडे पाहिलं.

"झ्याक माल हाये. इकत घेतला का रं, रामकिसन? का आपला, तुमच्या घरच्या रीतीनं?"

वच्छलाबाईने तोंड उघडलं, पण त्याआधीच रामकिसनचा हात खिशात गेला. त्याने घडी घातलेली पावती काढली, उलगडली आणि चुलत्यापुढे धरली. न चिडता, न बोलता. रस्त्यावर पोलिसाने अडवल्यावर लायसन काढावं तसं. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की हा हात खिशात असाच जाताना ती वर्षानुवर्षं बघत आली आहे. गिऱ्हाइकापुढे, शेजाऱ्यापुढे, एकदा तर व्याह्यापुढे. वखारीतल्या प्रत्येक फळीची पावती रामकिसन अंगावर बाळगायचा. ती त्याला व्यवस्थितपणा म्हणायची.

कारभाऱ्याने पावती उलटीसुलटी करून बघितली. त्याला वाचता येत नव्हतं.

"असू दे, असू दे," तो म्हणाला. "म्या सहज इचारलं."

तो गेल्यावर वच्छलाबाई म्हणाली, "उद्या सकाळी मला वाचनालयात सोड. तूबी थांब."

"मी कशाला?"

"थांब म्हनलं तर थांब."

रविवारी हॉल भरला होता. भिंतीला फळ्या टेकवून त्यांवर फोटो लावले होते, खाली टाइप केलेल्या पट्ट्या. श्रीधरसर एकेका फोटोपुढे थांबून माहिती सांगत होते आणि लोक त्यांच्या मागून सरकत होते. पुढे खुर्चीत नानासाहेब, गळ्यात हार. वच्छलाबाई फोटो घेऊन थेट सरांकडे गेली आणि रिकाम्या जागी स्वतःच्या हाताने टाचण्या मारून तो लावला. पट्टी आधीच चिकटवलेली होती. बेगमपुरा, घर क्रमांक १-२-११.

"लाकूड, मावशी?" सर हळूच म्हणाले.

"सागवान. पर ही पट्टी काढा. खोटी हाये."

आजूबाजूची माणसं थांबली. एक बाई नाकाला रुमाल लावत म्हणाली, "ही तीच ना, घरं पाडणारी?"

"व्हय, तीच," वच्छलाबाई तिच्याकडे न बघता म्हणाली. "हे घर औरंगपुऱ्यातलं. नानासाहेबांचं. ती मोरी बघा, तिसरी पायरी बघा. आजबी तीच मोरी हाये, जाऊन बघा. फोटू त्र्याऐंशी सालचा, अखजीच्या आधीचा. घर पडलं नव्हतं, इकलं व्हतं. माझ्या नवऱ्यानं घेतलं व्हतं. बद्रीनाथ पठाडे. ते पाडताना तो मेला आन् पंचनाम्यात त्याला चोर लिव्हलं."

सगळ्यांच्या माना खुर्चीकडे वळल्या. नानासाहेबांनी गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला.

"सर, नंबर तर घराचाच दिसतो," दातांचे डॉक्टर म्हणाले. "बाईंच्या म्हणण्याला आधार काय?"

"नंबर माझ्या हातचा हाये. ते दोन बघा. द्या कागद, आत्ता काढून दाखवते." सरांनी वही पुढे केली. तिने दोन काढला, शेपटी आत वळवून. सरांनी वही फोटोशेजारी धरली. दोन्हींची शेपटी एकाच वळणाची होती.

"आकडे घराचे नव्हत. आमच्या कामाचे. घर पाडायच्या आदल्या दिशी घालतात."

तेव्हा नानासाहेब बोलले. शांतपणे, उलटतपासणी घ्यावी तसे.

"असेल. माझ्या वयाला विस्मरण होतं. पण बाई, आता सांगताच आहात तर पुरतं सांगा. पहिला आकडा कशाचा असतो?"

रामकिसन मागे दाराशी उभा होता. त्याने ते आकडे अजून पाहिलेच नव्हते. तो पुढे आला. माणसांनी वाट दिली. तो फोटोसमोर उभा राहिला, आणि वच्छलाबाईला दिसलं की तो वाचतो आहे. धंद्यातला माणूस, त्याला भिंगाची गरज नव्हती. आधी त्याची नजर माडीच्या खिडकीवर गेली, तिथं सावलीत जेमतेम दिसणारा दोन-दोन-सात होता. मग खाली आली आणि थांबली.

"पाळीचा," वच्छलाबाई म्हणाली. आवाज चढला नाही की उतरला नाही. "पहिला आकडा पाळीचा. खालचं दार शेवटाला काढायचं असतंय. म्या तिथं एक घातला. गिऱ्हाइकाला घाई व्हती. त्यानं मला इचारलं, बरुबर हाये का. म्या म्हनलं, लिव्हलंय ते वाच. त्यानं वाचलं."

तिने सरांच्या हातातल्या वहीकडे बोट केलं.

"लिव्हून घ्या, सर," ती म्हणाली. "औरंगपुरा. त्र्याऐंशी साल. सौदा झालेलं घर. पाडताना बद्रीनाथ पठाडे गेला. नंबर बायकोनं चुकीचा घातला व्हता. सगळं लिव्हा. अर्धं लिव्हू नका."

सर लिहू लागले. रुमालवाली बाई शेजारणीला म्हणाली, "बघा, नवऱ्यालाही सोडलं नाही." वच्छलाबाईने ते ऐकलं. वळून पाहिलं तेव्हा रामकिसन तिथं नव्हता. खाली रस्त्यावर मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, आणि ती त्याचीच आहे हे तिला फोटोतल्या दोनाइतकंच नक्की कळलं.

ती शेअर रिक्षाने घरी आली. कुशावर्ताने ताट वाढलं, पण सोबत बसली नाही.

पुढच्या रविवारी पेपरात फोटो छापून आला. औरंगपुरा, सन एकोणीसशे त्र्याऐंशी. घर पाडण्याचे काम चालू असताना बद्रीनाथ पठाडे यांचा अपघाती मृत्यू. नंबराचं वाक्य नव्हतं. वच्छलाबाईने सरांना फोन लावला.

"जागा कमी पडली, मावशी. आणि मला वाटलं, तेवढं बरं नाही दिसणार."

"तुम्हाला चांगलं दिसन्यासाठी नव्हतं सांगितलं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. सर त्यानंतर वखारीत आले नाहीत. नानासाहेबांनी मंडळाचं सल्लागारपद प्रकृतीच्या कारणास्तव सोडल्याचं त्याच पानावर खाली, बारीक अक्षरात होतं.

रामकिसनने पेपरचे चार अंक आणले. एकातलं कात्रण कापून त्याने पाकिटात घातलं आणि गंगापूरच्या बसच्या कंडक्टरकडे दिलं, कारभाऱ्याच्या हातात पोचवायला. कारभाऱ्याचं उत्तर आलं नाही. दुसरं कात्रण त्याने काच लावून वखारीत, बापाच्या जुन्या पहारीच्या वर टांगलं. खिशातल्या पावत्या हळूहळू कमी झाल्या. एक दिवस त्याने त्या सगळ्या काढून टेबलाच्या खणात टाकल्या. हे सगळं करताना तो आईशी एक शब्द बोलला नाही. जेवायला बसायचा तो ती जेवून उठल्यावर. चहा पाहिजे का हे तो कुशावर्ताच्या तोंडून विचारायचा. वच्छलाबाई त्याला भाकरी वाढत राहिली. तो ती खात राहिला, आणि तिच्याकडे बघायचं टाळत राहिला.

महिन्याभराने पैठण रस्त्याच्या अंगाला एक जुनं घर पाडायला घेतलं. आदल्या दिवशी वच्छलाबाईने नेहमीप्रमाणे डबड्यात चुना कालवला, काडीला चिंधी गुंडाळली आणि तयार होऊन वखारीच्या दारात बसली. रामकिसन आतून आला. तिच्या हातातलं डबडं त्याने अलगद काढून घेतलं, एक थेंब न सांडता, आणि मागे उभ्या असलेल्या कुशावर्ताच्या हातात दिलं.

कुशावर्ता डबडं घेऊन टेम्पोत चढली. रामकिसनने पुढे बसून गाडी सुरू केली.

"वरून सुरू करा म्हनावं," वच्छलाबाई म्हणाली.

"म्हाईत हाये," रामकिसन म्हणाला. महिन्याभरात तो तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द होता, आणि तो बोलताना त्याने मान वळवली नाही.